शेवंतीला अखंड रात्र द्या
तुमच्या शेवंतीला कळ्या येत नाहीत म्हणून खताची मात्रा वाढवण्याआधी, रात्री गॅलरीत जाऊन रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड कुंडीवर पडतो का, ते अवश्य पाहा. पुण्यात जूनमधला सुमारे १३ तासांचा दिवस डिसेंबरात ११ तासांवर येतो आणि शेवंती या लांबत जाणाऱ्या अखंड अंधारावरूनच फुलण्याची वेळ ओळखते. पानांतील फायटोक्रोम हे रंगद्रव्य तांबड्या प्रकाशात सक्रिय होते व अंधारात हळूहळू निष्क्रिय होते. मध्येच उजेड पडला, की झाडाच्या लेखी ती रात्र तुटते. कोथरूडच्या आमच्या गॅलरीत एकाच कुंडीतील भिंतीआडच्या फांद्यांवर मुगाएवढ्या कळ्या धरल्या होत्या, दिव्याकडच्या फांद्या मात्र नुसत्या पानांनी भरल्या होत्या.

हेच रंगद्रव्य तापमानही जाणते, हे मोहरीच्या कुळातल्या एका छोट्या रोपावरील प्रयोगांतून २०१६ साली दिसून आले. रात्र उबदार असली तर ते लवकर निष्क्रिय होते आणि खोडाच्या वाढीवरचा लगाम सुटतो. बंद, उबदार खोलीत रुजवलेली रोपे, त्यात उजेडही अपुरा असल्यास, सुतासारखी बारीक होऊन कलंडतात. ती सकाळच्या उन्हात, वारा खेळेल अशा जागी हलवा. शेवंतीची कुंडी मात्र सप्टेंबरपासून कळ्या रंग धरेपर्यंत रोज संध्याकाळनंतर दिव्याचा उजेड पडणार नाही अशा आडोशालाच राहू द्या.