पगाराचे पैसे आधी बाजूला काढा

ताई, तुमच्या शाळेचं तिसरं वर्ष, गतिमंद मुलं १८, अनुदान नाही आणि दर उन्हाळ्यात खातं रिकामं. म्हणून फी वाढवावी का, असं तुम्ही विचारलंय. मी सोलापुरातल्या अशाच एका संस्थेचा २२ वर्षं खजिनदार आहे. फी वाढवू नका. आमच्याकडचे बरेच आईबाप यंत्रमागावर, नाहीतर घरी विड्या वळणारे. फी वाढवली त्या जूनमध्ये पाच मुलं आलीच नाहीत, घरात बसली. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

आमच्या खर्चात शंभरातले सत्तर रुपये पगाराचे. देणगी मात्र वस्तूंना मिळते: खुर्च्या, वाढदिवसाचं जेवण. तीही दिवाळीपासून जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेपर्यंत. एप्रिल-मेमध्ये ना फी, ना देणगी. पगार मात्र द्यावेच लागतात. एकदा एका कंपनीचा सीएसआर (कंपन्या नफ्यातून समाजकामासाठी देतात तो निधी) मंजूर झाला, त्या भरवशावर आम्ही दोन शिक्षिका घेतल्या. पैसे आले अकरा महिन्यांनी. तीन पगार थकले आणि एक बाई सोडून गेल्या. त्यांच्या हाताखाली एक मुलगा शर्टाची बटणं लावायला शिकला होता. वरची चार लावायचा, शेवटचं राहायचं. बाई गेल्यावर दोन महिने त्याने बटणाला हात लावला नाही.

तेव्हापासून चार महिन्यांचे पगार वेगळ्या मुदत ठेवीत असतात. ती जमवायला आम्हाला सहा वर्षं लागली. ‘३१ मार्चपर्यंत सगळं खर्च करा’ असं कुणी सांगेल, पण ते अर्धवट आहे. आयकर खात्याकडे नोंदणीकृत संस्थेने वर्षाच्या उत्पन्नाच्या ८५ टक्के खर्च दाखवायचा असतो, १५ टक्के शिल्लक ठेवता येते. कायम निधीसाठी, म्हणजे मूळ रक्कम न मोडता ठेवायच्या निधीसाठी, देणगी घेताना देणाऱ्याकडून तसं लेखी पत्र घ्याच, नाहीतर ती त्या वर्षाचं उत्पन्न धरली जाते. आणि २००० रुपयांवरची रोख देणगी ८०जीला, म्हणजे देणाऱ्याला मिळणाऱ्या आयकर सवलतीला, चालत नाही, हे पावती फाडायच्या आधीच सांगा.

सीएसआरसाठी कंपन्या तीन वर्षांचं काम बघतात, म्हणजे तुमची वेळ आलीच आहे. हा निधी घ्यायला संस्थेला लागते ती सीएसआर-१ची नोंदणी आत्ताच करून ठेवा. प्रस्तावात साहित्याच्या आधी शिक्षिकांचा पगार लिहा, बाईंच्या पात्रतेसह आणि मुलांच्या संख्येसह. ‘पगाराला पैसे देत नाही’ असं पहिल्या भेटीत ऐकाल. मग त्यांना एकदा सकाळी अकराला वर्गात नेऊन बसवा. आम्हाला दोन वर्षांचे पगार मिळाले ते असेच.