किडनीचा आजार सुरू झालेली मांजर किडनीसाठीचं नवं खाणं खात नसेल तर तिला उपाशी ठेवावं का?

कृपा करून नको. तुम्ही लिहिलंय की तुमच्या १३ वर्षांच्या मांजरीचं क्रिएटिनिन (किडनी बाहेर टाकते तो रक्तातला कचरा) २.१ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर आलंय, म्हणजे आजार चारपैकी दुसऱ्या टप्प्यात आहे, तुमच्या हातात वेळ आहे. पण ‘भूक लागली की खाईल’ हे मांजरांना लागू नाही. दोन-तीन दिवस पोटात काही गेलं नाही, तर अंगातली चरबी यकृतात साठायला लागते. लठ्ठ मांजरांना हा धोका जास्त, आणि तो किडनीच्या आधी जीव घेऊ शकतो.

आमच्या मनीचा रिपोर्ट आला त्याच संध्याकाळी मी तिचं जुनं खाणं बंद केलं. तिला तेव्हा मळमळत होतं. नव्या खाण्याचा वास म्हणजे मळमळ, हे तिच्या डोक्यात इतकं पक्कं बसलं की पुढे कित्येक महिने ती त्या वाटीकडे फिरकली नाही. अजून वाईट वाटतं त्याचं.

तुमची मांजर सारखे ओठ चाटत असेल, लाळ गळत असेल, वाटीपर्यंत येऊन परत फिरत असेल, तर आधी डॉक्टरांकडून मळमळीचं औषध घ्या. मग जुन्या खाण्यात चमचाभर नवं, असं चार-सहा आठवडे वाढवत न्या. खाणं कोमट केलं की वास सुटतो, त्याने फरक पडतो.

किडनीच्या या खाण्यात सगळ्यात महत्त्वाचं काय, तर कमी फॉस्फरस. लोक घाबरून प्रथिनंच तोडतात. मग मांजरीच्या पाठीवरचं, मांड्यांचं मांस झडतं. तोडायचं ते हाडं, हाडांची पूड, दूध, चीज. रक्तातलं फॉस्फरस ४.६ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली राहिलं पाहिजे. काही केल्या नवं खाणं जमलंच नाही, तर फॉस्फरस बांधून ठेवणारं औषध जुन्याच खाण्यात मिसळता येतं, डॉक्टरांना त्याबद्दल जरूर विचारा. मनीचं तसंच चाललंय: निम्मं जुनं, निम्मं नवं आणि औषध.

कोरड्या दाण्यांत जेमतेम १० टक्के पाणी असतं, ओल्या खाण्यात ७५ च्या वर. अशा किडनीला पाणी धरून ठेवता येत नाही, म्हणून ओलंच द्या, वर दोन चमचे पाणी घाला.

आणि दर पंधरवड्याला वजन लिहून ठेवा. लहान बाळांचा काटा घ्या, माणसांच्या काट्यावर शंभर ग्रॅमची घट कळत नाही.