नोकरी बदलतोयस, तर पीएफला हात लावू नकोस

नोकरी सोडली की पोरं आधी पीएफ काढून मोकळी होतात. तू यूएएन (पीएफचा कायमचा नंबर) तोच ठेव आणि रक्कम नव्या कंपनीत ट्रान्सफर कर. ईपीएस, म्हणजे पीएफसोबतची पेन्शन योजना, तिच्या पेन्शनला एकूण 10 वर्षांची सेवा लागते. पेन्शनचा हिस्साही उचललास, तर मोजणी पुन्हा शून्यापासून. पीपीएफ (आपण स्वतः उघडतो ते सरकारी बचत खातं) दर महिन्याला भरत असशील तर 5 तारखेच्या आत भर, नाहीतर त्या रकमेवर त्या महिन्याचं व्याज बुडतं. शेअरच्या टिप्स डोंबिवली फास्ट लोकलमध्ये फुकट मिळतात. ऐक आणि सोडून दे.

छंदासाठी मात्र साठीची वाट बघू नकोस बाबा. रविवारी भायखळ्याच्या राणीच्या बागेत झाडं ओळखायला जातोस ना, ते चालू ठेव. गोरखचिंच झाली, आता उर्वशी शोध. रिटायर होऊन महिन्याभरात कट्ट्यावर पेपर चाळत कंटाळलेले आमच्याकडे बरेच आहेत.