थेंबांची बाटली दिसली की मोती खाटेखाली

प्रश्न : आमचा मोती 4 वर्षांचा, लॅब्राडोरची सरमिसळ, लोंबत्या कानांचा. दर पावसात त्याचा कान चिघळतो. यंदा डॉक्टरांनी आत बघून कान धुण्याचे औषध आणि दिवसातून दोनदा घालायचे थेंब दिले, 10 दिवसांसाठी. दोन दिवस कसेबसे घातले. आता बाटली दिसली की तो खाटेखाली जातो, काल तर गुरगुरला. शेजारी म्हणतात, दोन थेंब फेणी घाला आणि मोकळे व्हा. काय करावे?
– एक वाचक, डिचोली

उत्तर : फेणी प्यायची असेल त्याने प्यावी, कानात नको. आतली कातडी सोललेली असते. तिच्यावर दारू पडली की आग होते, आणि पुढचे सहा महिने मोती कानाला हात लावू देणार नाही. खोबरेल तेलही नको. त्यात मळ धरून राहतो आणि औषध कातडीपर्यंत पोचत नाही.

गुरगुरला म्हणून त्याला ओरडू नका. ती चावण्याआधीची सूचना आहे. ती दाबली, तर पुढच्या वेळी तो न सांगताच चावेल. त्याचे वैर बाटलीशी नाही. बाटली आली, दोघांनी धरले, कानात गार काहीतरी गेले, दुखले; ही साखळी त्याने दोन दिवसांत पाठ केली. ती तोडायची तर आधी दुखणे कमी व्हायला हवे. आजच डॉक्टरांना फोन करून ‘हात लावू देत नाही’ असे स्पष्ट सांगा आणि दुखण्यावर काही देता येते का ते विचारा. घरातली ब्रुफेन मात्र देऊ नका. कुत्र्याच्या पोटात व्रण होतात, मूत्रपिंडे बिघडतात.

आता जागा बदला. न्हाणीघरात घालत असाल तर बाल्कांवात, म्हणजे दारापुढच्या ओसरीवर घाला. खाली गोणपाट टाका. गुळगुळीत लादीवर पाय सरकले की कुत्रा आणखी घाबरतो. बिनमिठाची उकडलेली कोंबडी नखाएवढे तुकडे करून ठेवा, आणि ती फक्त याच कामासाठी, एरवी नाही.

दिवसातून चार-पाच वेळा, मिनिटभरच, रिकामी बाटली घेऊन सराव करा. कानाला बोट लावले की तुकडा. कानाची पाळी उचलली की तुकडा. बाटली जवळ आणली की तुकडा. क्रम उलटा करू नका: आधी कोंबडी दाखवून मग कान धरलात, तर तो कोंबडीलाही फसवणूक समजू लागतो. त्याने मान फिरवली की तिथेच थांबा.

पण आजार सरावासाठी थांबत नाही, थेंब आजही घालायचेत. त्यासाठी दोन माणसे हवीत. औषधाची बाटली पाच मिनिटे मुठीत धरून कोमट करा, गरम पाण्यात बुडवू नका. तुम्ही मोतीच्या बाजूला, त्याच्याच दिशेला तोंड करून बसा. वरून वाकू नका. तुमचा हात कानावर गेला की दुसऱ्याने दह्याची ताटली पुढे करायची. हात निघाला की ताटलीही उचलायची.

कुत्र्याच्या कानाची नळी आधी खाली जाते आणि मग आत वळते. म्हणून पाळी वर आणि किंचित बाहेर धरा, म्हणजे वाट सरळ होते. कानाच्या तोंडाशी बाटली धरा, पण टेकवू नका; टेकली की घाण बाटलीत जाते. सांगितले असतील तेवढेच थेंब घाला. पाळी न सोडता कानाखालची कडक नळी अर्धा मिनिट हळू चोळा. आतून पचपच असा आवाज आला की औषध खाली उतरले. त्यानंतर त्याने खुशाल डोके झटकावे.

धुण्याच्या औषधाच्या फुसकाऱ्यालाही पुष्कळ कुत्री बिचकतात. त्याऐवजी कापसाचा लिंबाएवढा बोळा औषधात चिंब भिजवा, कानाच्या तोंडाशी ठेवून दाबा, चोळा आणि काढून घ्या. छोटा बोळा आत सरकतो. त्याला झटकू द्या, मग बोटाला कापूस गुंडाळून दिसेल तेवढेच पुसा. कानकोरणे किंवा काडी मळाला वळणापर्यंत ढकलते. धुतल्यावर 10 ते 15 मिनिटांनी थेंब घाला, नाहीतर उरलेल्या पाण्यात औषध पातळ होते. धुणे रोज लागतेच असे नाही, किती वेळा ते विचारून घ्या.

चौथ्या दिवशी वास गेला की बहुतेक घरांत बाटली फडताळात जाते, आणि महिन्याभरात कान पुन्हा वाहू लागतो. मग तीच जुनी बाटली बाहेर निघते! कानाच्या पडद्याला भोक पडले असेल तर काही थेंबांनी ऐकू येणे जाऊ शकते, म्हणून दर वेळी आत बघून घेतल्याशिवाय थेंब नकोत. मान एका बाजूला झुकली, चालताना झोक गेला, हाक ऐकू येईना, तर थेंब बंद करून त्याच दिवशी दाखवा. झटकून झटकून पाळी पुरीसारखी टम्म फुगली असेल, तर आत रक्त साचलेले असते. तेही घरी दाबायचे नाही.

एवढे करूनही दात दाखवत असेल तर जाळीचे मुसके वापरा, म्हणजे जाळीतून चाटता येते. दवाखान्यातच घालून काही आठवडे टिकणारी औषधेही असतात. तुमच्या डॉक्टरांकडे मिळतात का बघा. चावलाच, तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटे धुऊन डॉक्टरकडे जा, कुत्रा घरचा असला तरी.

प्रश्न : कुत्रा व्हाळात पोहतो म्हणून कान बिघडतो का?
– एक वाचक, सत्तरी

उत्तर : ओल हे निमित्त. जूनपासून हवेतच ओल असते, त्यात लोंबता कान म्हणजे झाकण घातलेले भांडे. पोहून आल्यावर पाळ्या उलट्या करून मऊ फडक्याने टिपा. दर वर्षी दोन्ही कान बिघडत असतील आणि तो पंजेही चाटत असेल, तर ॲलर्जी तपासून घ्या. नुसत्या थेंबांनी ते थांबणार नाही. एकाच कानात अचानक खाज सुटली, तर आधी पाळीच्या घडीत गोचीड बघा.