क्रस्ट पंक आणि हार्डकोअरमध्ये फरक काय? सुरुवात कुठल्या बँडपासून करू?

दोन्ही पंक रॉकचेच प्रकार. हार्डकोअर म्हणजे फास्ट, छोटी, सरळ तोंडावर फेकलेली गाणी, मायनर थ्रेट, ब्लॅक फ्लॅग वगैरे बँड, ते तू ऐकलं असशीलच. क्रस्ट त्याच घरातला पण अंघोळ न करणारा भाऊ, त्यात मेटलचे जड रिफ (गिटारवर परत परत वाजणारे तुकडे), घोगरा आवाज आणि युद्ध, अणुबॉम्ब असले विषय.

आधी डिस्चार्ज हा बँड ऐक, त्यांचा १९८२ चा अल्बम. डी-बीट (ड्रमचा तो ठरावीक वेगवान ठेका) हे नाव त्यांच्यावरूनच पडलंय, ड्रम असा सुटतो की मला तर लक्ष्मी रोडवरच्या ताशाची तर्री आठवते (ढोलवाले मारतील आता मला). मग अमेबिक्सचा 'अराइज', १९८५. हा सावकाश, अंधारा, आणि माझ्या मते क्रस्टचा बाप हाच, वाद घालायचा तर चहाला भेट. त्यांचा गायक रॉब मिलर नंतर स्कॉटलंडच्या स्काय बेटावर जाऊन चक्क तलवारी घडवायला लागला, खोटं नाही सांगत! 'क्रस्ट' हा शब्द मात्र हेलबास्टर्ड या बँडच्या १९८६ च्या डेमोवरून रूढ झाला असं म्हणतात.

नंतरच्यांत पोर्टलंडचे ट्रॅजेडी आणि स्वीडनचे वुल्फब्रिगेड. फक्त हेडफोन लाव रे, मी कोथरूडात स्पीकरवर लावलं तर खालच्या काकू विचारत आल्या, मिक्सर बिघडलाय का.