वाचकांचे प्रश्न : लीग टूमधला सेंटर बॅक टिकतो कसा?

प्रश्न : इंग्लिश फुटबॉलमधल्या प्रीमियर लीगबद्दल सगळीकडे वाचायला मिळतं. पण इंग्लंडच्या खालच्या लीगमधल्या साध्या डिफेंडरचं करिअर नेमकं कसं चालतं? तो टिकतो कशावर?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : प्रीमियर लीगच्या खाली चॅम्पियनशिप, लीग वन आणि लीग टू अशा तीन पायऱ्या. प्रत्येकीत 24 क्लब, प्रत्येक क्लबला लीगचे 46 सामने, शिवाय कपचे वेगळे. शनिवारी खेळायचं आणि बऱ्याचदा मंगळवारी रात्री पुन्हा उतरायचं. म्हणून मॅनेजर आधी एवढंच बघतो, की हा गडी दर आठवड्याला उभा राहतो का.

16 व्या वर्षी क्लब दोन वर्षांची स्कॉलरशिप देतो, त्यात सराव आणि शिक्षण दोन्ही. व्यावसायिक करार 17 पूर्ण झाल्यावर करता येतो. 18 व्या वर्षी पुष्कळांना निरोप मिळतो. उरलेल्यांना बहुधा नॅशनल लीगमध्ये (लीग टूच्या खालची पायरी) किंवा त्याखाली लोनवर, म्हणजे काही काळासाठी दुसऱ्या क्लबला उसने, पाठवतात. लोन घेताना क्लबच्या नावाला भुलू नये. तिथे सेंटर बॅकची, म्हणजे गोलसमोरच्या मधल्या डिफेंडरची, जागा मोकळी आहे का, ते बघावं. बाकावर बसून काढलेले सहा महिने वाया गेले, कारण पुढच्या मॅनेजरला दाखवायला सामनेच नसतात.

या पातळीवर खरी परीक्षा हवेतल्या चेंडूची. लांब थ्रो-इन किंवा कॉर्नर आला की नवखा डिफेंडर चेंडूकडेच बघत राहतो आणि त्याचा माणूस, म्हणजे ज्याला अडवायचं तो खेळाडू, पाठीमागून निसटतो. अंग अर्धं वळवून उभं राहायचं, म्हणजे चेंडू आणि माणूस दोन्ही नजरेत राहतात. हात नुसता टेकलेला. शर्ट धरला की पेनल्टीची भीती. दोन पावलं घेऊन एका पायावर उडी घ्यायची, जागेवरून उडणारा कमी पडतो. हेडर उंच, लांब आणि कडेला गेला पाहिजे. मधे पडला तर बॉक्सबाहेरचा मिडफिल्डर थेट गोलवर मारतो. एक उडाला की जोडीदारानं मागे सरकून आधार द्यायचा, हे तर रोज घोटून घ्यावं लागतं.

कार्डांचा हिशोबही ठेवावा. संघाच्या पहिल्या 19 लीग सामन्यांत पाच पिवळी कार्डं झाली की एक सामना बंदी. 37 सामन्यांपर्यंत दहा झाली की दोन. तेवढ्यात जागा दुसऱ्याला जाते.

टिकण्याचं उत्तम उदाहरण ग्रॅहम अलेक्झांडर. 1991 मध्ये स्कंथॉर्पकडून चौथ्या पातळीवर सुरुवात, मग ल्यूटन आणि प्रेस्टनमध्ये राइट बॅक, म्हणजे उजव्या बाजूचा डिफेंडर. बर्नलीत मिडफिल्डला सरकला आणि 2009 मध्ये, 37 व्या वर्षी, प्रीमियर लीगमध्ये पहिल्यांदा उतरला. हजारावर सामने खेळून 2012 मध्ये थांबला. जागा बदलायची तयारी आणि पेनल्टीवरची हुकमत, दोन्ही त्याच्या कामी आल्या.

करार सहसा 30 जूनला संपतात. कुणाला ठेवायचं, कुणाला सोडायचं याची यादी मे महिन्यातच लागते. करार संपलेला खेळाडू कुठेही मोकळा जाऊ शकतो. पण वय 24 च्या आत असेल आणि जुन्या क्लबनं आधीपेक्षा कमी नसलेल्या अटींवर नवा करार देऊ केला असेल, तर नव्या क्लबला भरपाई द्यावी लागते. खालच्या क्लबला ती झेपत नाही आणि पोराचा सौदा अडतो. म्हणून मे महिन्यातलं पत्र हातात पडलं की त्यातला पगार जुन्या कराराशी ताडून बघावा, आणि तारखा उलटण्याआधी खेळाडूंची संघटना पीएफए हिचा सल्ला घ्यावा.