इन्कम टॅक्स भरत नाही, मग मत कशाला?

प्रश्न : आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर काका म्हणाले की जे इन्कम टॅक्स भरतात त्यांनाच मत द्यायला मिळालं पाहिजे. मी खूप भांडले, ते ग्रुप सोडून गेले. माझं काय चुकलं? – एक वाचक, सातारा

उत्तर : मुद्द्यात काहीच चुकलं नाही गं, तू बरोबरच बोललीस. अगं टॅक्स सगळेच भरतात. तुमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या मावशी मोबाईलला रिचार्ज मारतात ना, त्यावर १८ टक्के जीएसटी असतो, म्हणजे ११८ रुपये दिले की त्यातले १८ सरकारचे, आणि त्या मावशींना पगार किती ते तुला माहितीच आहे. आणि काका म्हणतात तसली पद्धत आपल्याकडे होती की, इंग्रजांच्या काळात! १९३५ च्या कायद्यात मालमत्ता, कर, शिक्षण असलं बघून मत मिळायचं, बहुतेक लोक बाहेरच. घटनेच्या कलम ३२६ ने ते मोडलं आणि १९५१-५२ च्या पहिल्याच निवडणुकीत शेतमजूर बायासुद्धा रांगेत उभ्या राहिल्या, मला तर हे वाचताना आजही भरून येतं.

पण पंचवीस जणांसमोर काकांना खोटं पाडलंस ते मला नाही पटलं. मोठं माणूस आहे, चारचौघात माघार घेणं जड जातं. फोन कर, नाहीतर सरळ घरी जा, चहा घेता घेता ते रिचार्जचं बिल दाखव.